ताडाच्या रसाची शाळा: सात दिवसांत काय शिकवावे, हे कोण ठरवते?

१/
जून २०२१. पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे खादी व ग्रामोद्योग आयोगाने दोनशे स्थानिक कारागिरांना नीरा काढण्याची आणि ताडगूळ बनवण्याची अवजारे वाटली. त्याआधी या सर्वांना सात दिवसांचे प्रशिक्षण देण्यात आले होते. बातमी लहान होती; दोन दिवसांत विस्मृतीत गेली. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तिच्यातील एक आकडा अडवून धरतो. सात दिवस. पिढ्यान्‌पिढ्या ताडावर चढणाऱ्या माणसाला सात दिवसांत नेमके काय शिकवायचे? आणि तो विषय निवडायचा कोणी? या प्रश्नाला आपल्या भागात जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
भिवंडीच्या वाचकांना प्रथमदर्शनी वाटेल, यंत्रमागांच्या खडखडाटात राहणाऱ्या आपल्याला ताडाशी काय कर्तव्य? पण पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. तोवर डहाणू आणि भिवंडी हे एकाच ठाणे जिल्ह्याचे तालुके होते. एकच अबकारी कायदा, एकच दारूबंदी आणि एकच ताडगुळाची मोहीम दोन्हींनी अनुभवली. शिवाय आपल्या पद्मानगरात तेलंगणातून आलेली कुटुंबे आहेत. त्यांच्या मूळ गावी ताडी काढणारा गौड समाज काही परका नाही. ताडाचा रस हा या शहराच्या दोन्ही आजोळांचा विषय आहे.

३/
आधी थोडे दूर जाऊन येऊ, म्हणजे आपला प्रश्न स्पष्ट दिसेल. कॅनडाच्या पूर्व भागात आणि अमेरिकेच्या ईशान्येस मेपल नावाचा वृक्ष आहे. हिवाळा सरताना, रात्री पाणी गोठते आणि दिवसा वितळते अशा दिवसांत, त्याच्या खोडाला छिद्र पाडले की गोडसर रस पाझरतो. तो आटवून पाक करतात. ही विद्या तेथील मूळ रहिवाशांची. युरोपीय वसाहतवाल्यांनी ती त्यांच्याकडून घेतली. आज जगातील बहुतांश मेपल पाक क्यूबेक प्रांतात तयार होतो. झाडाच्या रसावर जगणाऱ्या माणसांचा आपल्या भंडाऱ्यांसारखाच हा एक समुदाय, फक्त बर्फातला.

४/
या मेपल उत्पादकांच्या परिषदा आणि वर्ग भरतात, ते बहुधा हंगामाच्या बाहेर. त्यांचे विषय पाहण्यासारखे असतात: छिद्र किती खोल घ्यावे, नळ्या कशा धुवाव्यात, पाकाची घनता कशी मोजावी, रंगानुसार प्रत कशी ठरवावी, लाकूड कमी कसे जाळावे, जुन्या भांड्यांच्या डाखातले शिसे पाकात उतरू नये म्हणून काय करावे. व्हरमाँट विद्यापीठाचे मेपल संशोधन केंद्र १९४६ मध्ये सुरू झाले. त्याच काळात सी. एच. जोन्स यांनी एक सुटसुटीत नियम मांडला: ८६ ला रसातील साखरेच्या टक्केवारीने भागा, म्हणजे एक गॅलन पाकासाठी किती गॅलन रस लागेल ते कळते. विद्यापीठातला हिशेब रानातल्या माणसाला तोंडपाठ झाला.

५/
मेपलच्या रसात साखर साधारण दोन टक्के. म्हणजे ८६ भागिले २, बरोबर ४३. त्रेचाळीस भांडी आटवावीत तेव्हा एक भांडे पाक! आपला ताड याबाबतीत फार उदार आहे. ताज्या नीरेत साखर सर्वसाधारणपणे दहा ते चौदा टक्के असते. त्यामुळे आठ-दहा लिटर नीरेतून किलोभर गूळ निघतो. मग प्रश्न पडतो: इतका श्रीमंत रस असूनही मेपल पाक जगभर पोहोचला आणि ताडगूळ डहाणूच्या बाजारातही शोधावा का लागतो?

६/
उत्तराचा पहिला भाग हवामानात आहे. मेपलचा रस थंडीत वाहतो. थंडीच त्याची राखण करते. ताडाचा रस आपल्याकडे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, कोकणच्या उकाड्यात वाहतो. हवेतले आणि मडक्यातले यीस्ट त्यावर तुटून पडते. पहाटे उतरवलेली नीरा उन्हे वर येईतो आंबू लागते, आणि दिवस सरेपर्यंत तिच्यात चार-पाच टक्के मद्यार्क तयार होऊ शकतो. तिलाच आपण ताडी म्हणतो. नीरा आणि ताडी ही दोन पेये नव्हेत. एकाच रसाच्या या दोन वेळा आहेत. मेपलवाल्याकडे विचार करायला दिवस असतो, ताडवाल्याकडे काही तास. म्हणून दोघांच्या शाळेचा पहिला धडा एक असू शकत नाही.

७/
हा पहिला धडा ताडी काढणाऱ्यांना ठाऊक नव्हता असे मात्र नाही. पायांत दोराचा फास अडकवून चढणे, पोय ओळखणे, ती हलकेच ठेचून मऊ करणे, टोकाची पातळ चकती कापणे, मडके बांधणे, सकाळ-संध्याकाळ पुन्हा चढून नवा काप घेणे. काप जाड गेला तर पोय लवकर संपते, बोथट कोयत्याने गेला तर रस आटतो. मादी झाडाची पोय रसासाठी कापली तर तिला ताडगोळे धरत नाहीत. म्हणजे रस की फळ, हा निर्णयही त्यालाच घ्यावा लागतो. ही सारी विद्या बापाकडून मुलाकडे, झाडावरच दिली जाई. तिचे पुस्तक नव्हते, आणि म्हणून सरकारदरबारी ती विद्या म्हणून कधी गणली गेली नाही.

८/
सरकारदरबारी तिची पहिली नोंद झाली ती महसूल म्हणून. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. परवान्याशिवाय रसाचे झाड छेदायचे नाही. प्रत्येक झाडामागे कर. विक्री ठरलेल्या दुकानातूनच. घराजवळ भट्टी लावून दारू गाळण्याची जुनी रीत संपवून गाळप मोठ्या, देखरेखीखालील भट्ट्यांकडे नेण्याचे धोरण आखले गेले. मोहाच्या दारूच्या अशा भट्ट्या उरणला होत्या. इलाख्याचे मीठ व अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड हे या धोरणाचे प्रमुख सूत्रधार. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात ताड, शिंदी आणि माड यांची माहिती येते, तिच्याशेजारीच अबकारी उत्पन्नाचा हिशेबही येतो.

९/
या व्यवस्थेत ताडी काढणाऱ्याने काय शिकावे अशी अपेक्षा होती? परवान्याची मुदत, झाडांची मोजदाद, कराचा हप्ता आणि शिपायाला द्यायचे उत्तर. ही अभ्यासक्रमांची पहिली यादी. तिचा वर्ग कधी भरला नाही. परीक्षा मात्र रोज होत असे, आणि नापास होणाऱ्याला दंड बसे. ठाणे जिल्ह्यातील भंडारी आणि बागाईतदार यांनी वाढत्या झाडकराविरुद्ध अर्ज केले. १८९२ साली मोहफुलांसाठीही स्वतंत्र कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्याच्या रानातल्या माणसाला आपल्या दारच्या फुलांचा साठा करणेही अवघड झाले. कर भरण्याइतका रस विकायचा तर तो ताडी म्हणूनच विकणे भाग होते. गूळ करून पोट भरेल, हा विचार त्या यादीत कोठेच नव्हता.

१०/
दुसरी यादी आली वर्ध्याहून. १९३४ साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडी हे त्याचे केंद्र, आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, हातसडीचा तांदूळ यांच्या जोडीला ताडगूळही तेथे अभ्यासाचा विषय झाला. त्यामागचा विचार सरळ होता. उसाला चांगली जमीन आणि पाणी लागते. ताड आणि शिंदी पडीक जमिनीत आपोआप वाढतात. गोडवा जर या झाडांतून मिळाला, तर उसाखालची जमीन धान्याला मोकळी होईल; आणि दारूबंदी झाली तरी ताडी काढणाऱ्याच्या घरची चूल विझणार नाही.

११/
या कामाला ज्यांनी आयुष्य दिले ते गजानन नाईक. ताडगुळाच्या कामात ते गांधीजींचे सहकारी होते आणि स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारचे ताडगूळ सल्लागार झाले. आज डहाणूतील खादी आयोगाचे प्रशिक्षण केंद्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांच्या परंपरेतील वर्गाचे विषय वेगळे होते: मडक्याला आतून चुन्याचा हात कसा द्यावा, जादा चुना पुढे कसा काढावा, रस गाळून कढईत केव्हा टाकावा, आच किती ठेवावी, चाचणी कशी ओळखावी, साच्यात केव्हा ओतावे. चुना रसाची आम्लता मारतो आणि यीस्टला थोपवून धरतो. पण चुना कमी पडला तर मडक्यात ताडी उतरते, जास्त झाला तर गूळ काळपट आणि बेचव होतो. एका बोटाच्या अंदाजावर दिवसाची कमाई अवलंबून.

१२/
या यादीचे मोठेपण असे की, ताडी काढणाऱ्याकडे गुन्हेगार किंवा करदाता म्हणून न पाहता तिने त्याला प्रथमच कारागीर मानले. तिची उणीवही सांगितली पाहिजे. तिने गृहीत धरले की माणसाला गूळ करता आला म्हणजे तो गूळ करील. आठ लिटर रसातले सात लिटर पाणी उडवायचे तर सरपण हवे. सरपण गोळा करायला घरातले दोन हात हवेत, आणि ते हात बहुतेक वेळा बाईचे. गूळ विकायला बाजारात जावे तर शेजारी उसाचा गूळ स्वस्त. उलट ताडीला ना सरपण, ना साचा. गिऱ्हाईक झाडाखालीच उभे. कढईचा धडा उत्तम शिकवला गेला. हिशेबाचा धडा मागे राहिला.

१३/
मग कायद्यानेच बाजार बदलायचे ठरवले. १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. तिचा पुरस्कार करणारे मंत्री डॉ. गिल्डर. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून प्रांतभर दारूबंदी झाली. या कायद्याच्या व्याख्या मुद्दाम वाचाव्यात अशा आहेत. ताडी म्हणजे या झाडांचा आंबलेला अथवा न आंबलेला रस. नीरा म्हणजे न आंबलेला रस, आणि तोही आंबू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या भांड्यात उतरवलेला. दोन व्याख्यांमधला मोठा फरक आहे तो मडक्याचा.

१४/
या एका ओळीचा अर्थ झाडावरच्या माणसासाठी फार मोठा होता. त्याचे मडके नीट धुतलेले आणि चुना लावलेले असेल, तर तो ग्रामोद्योगाचा कारागीर. मडक्याच्या कडेला कालची ताडी राहिली असेल, तर तो आरोपी. अन्य ठिकाणी स्वच्छता हा आरोग्याचा विषय असतो; येथे ती अटक आणि सुटका यांतली रेषा झाली. जे मेपलच्या वर्गात ‘नळ्या कशा धुवाव्यात’ या शीर्षकाखाली तासाभरात शिकवले जाते, ते आपल्याकडे फौजदारी कायद्याचे कलम होते. अशा वेळी मडके धुण्याचा धडा हा सर्व धड्यांच्या आधी यायला हवा, हे आज आपल्याला सहज दिसते.

१५/
१९५३ साली अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळ आणि १९५७ साली वैधानिक आयोग स्थापन झाला. ताडगूळ हा त्याच्या उद्योगांपैकी एक. सहकारी संस्था निघाल्या, नीरा केंद्रे उघडली. मुंबई-पुण्याच्या जुन्या वाचकांना रेल्वे स्थानकांजवळची नीरेची दुकाने आठवत असतील. सकाळी गर्दी आणि दुपारी बंद. ती दुपारची बंद फळी म्हणजे सहाव्या मुद्द्यात सांगितलेल्या रसायनशास्त्राचा रोजचा पाठ होता. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने नीरा बाटलीत टिकवण्यावर काम केले. पण प्रयोगशाळेपासून झाडापर्यंतची वाट लांब होती, आणि त्या वाटेवर शीतपेटी नव्हती.

१६/
१९६० च्या दशकात महाराष्ट्राने दारूबंदी सैल केली. ताडीची दुकाने पुन्हा परवान्यावर आली आणि नीरेच्या शाळेचा पाया हलला. ज्याला गूळ शिकवला होता त्याच्यासमोर पुन्हा ताडीचे सोपे गिऱ्हाईक उभे राहिले. पुढे शहरांजवळ आणखी एक दुष्ट वळण आले. झाडे कमी, मागणी जास्त. मग क्लोरल हायड्रेटसारखी गुंगी आणणारी रसायने पाण्यात मिसळून ताडी म्हणून विकण्याचे प्रकार मुंबई, ठाणे, पुणे परिसरात वारंवार उघडकीस आले. त्या बनावट ताडीने माणसे मेली, आणि झाडावर चढून खरा रस उतरवणाऱ्याची पतही गेली. कारण ग्राहकाला दोन्हींतला फरक ओळखायला कोणीच शिकवले नव्हते.

१७/
आता परत २०२१ च्या डहाणूकडे येऊ. ही तिसरी यादी. वाटलेला संच सुमारे पंधरा हजार रुपयांचा होता: खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा पोलादाची कढई, साचे, शेगड्या, कोयते, दोर, कुऱ्हाड. ही यादी आधीच्या दोन्हींपेक्षा निश्चितच पुढची आहे. सरपणाऐवजी शेगडी, मातीच्या जागी पोलाद. म्हणजे बाराव्या मुद्द्यातील एका उणिवेचे उत्तर येथे आहे. तरीही वस्तू मोजून पाहा. जमिनीवरच्या कामाला कढई, साचे आणि शेगड्या; झाडावरच्या कामाला कोयते, कुऱ्हाड आणि दोर. आणि दोर तर त्याच्या आजोबांकडेही होता.

१८/
झाडावर काय घडते, हा या धंद्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत कमी शिकवलेला विषय आहे. उंच ताडावर दिवसातून दोनदा चढणारा माणूस एकदा पडला, तर घराची कमाई तेथेच थांबते. केरळात नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये ‘नारळवृक्षाचे मित्र’ ही योजना सुरू केली. सहा दिवसांचे निवासी प्रशिक्षण, चढण्याचे यंत्र आणि विम्याची जोड. तेलंगणात जुलै २०२४ मध्ये ताडी काढणाऱ्यांना काटमय्या या त्यांच्या देवाच्या नावाने सुरक्षा संच देण्यास आरंभ झाला. पद्मानगरातील वाचकांनी ही बातमी गावाकडून ऐकली असेल. डहाणूचे सात दिवस आणि केरळचे सहा दिवस जवळजवळ सारखेच. पहिला धडा मात्र निराळा. एक शाळा रसापासून सुरू होते, दुसरी माणसापासून.

१९/
येथे मेपलच्या इतिहासातील एक गोष्ट सांगणे उपयुक्त ठरेल. १९६० च्या दशकात तेथे एक गोळी शिकवली गेली. पॅराफॉर्माल्डिहाइडची ही गोळी खोडाच्या छिद्रात घातली की जंतू मरतात, छिद्र लवकर बुजत नाही आणि रस अधिक दिवस मिळतो. उत्पादन वाढले, गोळी लोकप्रिय झाली. पुढे लक्षात आले की ज्या क्रियेने झाड आपली जखम भरून काढते तीच ही गोळी रोखते आणि आतले लाकूड कुजते. अखेरीस तिच्यावर बंदी आली. एका पिढीला शिकवलेला धडा दुसऱ्या पिढीला विसरायला लावावा लागला. विषयांच्या यादीत नवे घालणे सोपे असते. जुने काढण्याचे धैर्य असलेली शाळाच खरी शाळा.

२०/
आपल्याकडे हा प्रश्न चुन्याचा आहे. चुन्याने शंभर वर्षांची सेवा केली. त्याच्याविना नीरा हा शब्दच उरला नसता. परंतु कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने नारळाच्या रसासाठी बर्फाची पेटी तयार केली. रस पोयीतून थेट थंड भांड्यात उतरतो, चुन्याची गरज उरत नाही, चवही स्वच्छ राहते. ‘कल्परस’ हे नाव त्यालाच मिळाले. मेपलला निसर्गाने जी थंडी दिली ती येथे माणसाने झाडावर नेली. ताडाची उंची आणि रसाचे प्रमाण वेगळे असल्याने ही पेटी जशीच्या तशी डहाणूला चालेलच असे नव्हे. पण ती चालते की नाही, हे झाडावर करून पाहण्याचा तास वर्गात असलाच पाहिजे.

२१/
विषय निवडला तरी वेळ आणि जागा उरतेच. हंगामात दिवसातून दोनदा चढणाऱ्या माणसाला तालुक्याच्या सभागृहात बोलावणे म्हणजे त्याचा त्या दिवसाचा रस जमिनीवर सांडणे. मेपलच्या परिषदा हंगामाबाहेर भरतात त्या याच हिशेबाने. आणि यासाठी अमेरिकेकडे पाहण्याची आवश्यकताही नाही. डहाणूजवळच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येऊ शकत नाही, तर शाळा कुरणात जाईल. ज्या टेकडीवर हा विचार अंमलात आला, तिच्या परिसरातच आज ताडी काढणाऱ्यांचे वर्ग भरतात. कुरणशाळेची ताडशाळा करायला फार मोठी झेप लागणार नाही.

२२/
तर मग सात दिवसांचे विषय कसे निवडावेत? इतिहास जे सुचवतो ते असे.
पहिला दिवस: चढणे, उतरणे, दोर तपासणे, विमा.
दुसरा: मडके. धुणे, चुना, थंडी आणि तासांचे गणित.
तिसरा: झाड. काप किती घ्यावा, विश्रांती केव्हा द्यावी, रस की ताडगोळे.
चौथा: कायदा. परवाना, नीरा आणि ताडी यांतील भेद, राज्य उत्पादन शुल्क विभागाशी व्यवहार.
पाचवा: कढई आणि साचा.
सहावा: हिशेब. सरपण किंवा गॅस, मजुरी, घरच्या बाईचे श्रम धरून एक किलो गूळ केवढ्याला पडतो, आणि कोण घेतो.
सातवा दिवस मोकळा ठेवावा. त्या दिवशी शिकणाऱ्यांनी बोलावे आणि शिकवणाऱ्यांनी लिहून घ्यावे.

२३/
सातव्या दिवसाविषयी थोडे अधिक. पहिली यादी तिजोरीने केली, दुसरी ध्येयाने, तिसरी योजनेने. तिन्ही वेळा झाडावरचा माणूस विद्यार्थी होता. तो विषय सुचवणारा कधीच नव्हता. मेपलच्या परिषदांत वर्षभराच्या चुका उत्पादक स्वतः घेऊन येतात आणि पुढच्या वर्षाचे विषय त्यांतून निघतात. त्यांना तो मान मिळाला याचे एक कारण असे की त्यांच्यापैकी बरेच जण जमिनीचे आणि झाडांचे मालक आहेत. आपला ताडी काढणारा बहुधा दुसऱ्याच्या किंवा सरकारच्या झाडावर चढतो. ज्याच्या मालकीचे झाड नाही त्याला प्रश्न विचारण्याचाही हक्क नाही, असे कोणी म्हणाले नाही. पण अभ्यासक्रम तसेच आखले गेले.

२४/
भिवंडीहून वाड्याच्या किंवा वज्रेश्वरीच्या दिशेने उन्हाळ्यात जाल, तेव्हा पानांवर ताडगोळे मांडून बसलेली बाई दिसली तर थांबा. ताडगोळे घ्याच, पण त्या झाडावर कोण चढते, तेही विचारा. तिचा मुलगा चढतो का? बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी येईल. तो गोदामात किंवा कारखान्यात कामाला गेलेला असेल. त्याला दोष देता येणार नाही; गोदामात पगार ठरलेला असतो आणि पडण्याची भीती नसते. सात दिवसांच्या कोणत्याही वर्गाची खरी परीक्षा तेथे, त्या पानाशेजारी आहे. तो वर्ग पाहून तो मुलगा परत चढायला तयार होईल का?

२५/
धागा येथे संपवतो. आपल्या गावात ताडी, माडी किंवा शिंदीचा रस काढणारे कोणी असतील, तर त्यांच्या अवजारांची आणि कापाच्या पद्धतीची स्थानिक नावे खाली अवश्य लिहा. शहापूर, वसई, मुरबाड, तलासरी, प्रत्येक ठिकाणचा शब्द वेगळा असेल. आणि शक्य झाल्यास त्यांना एक प्रश्न विचारून उत्तर कळवा: सात दिवसांचा वर्ग भरला, तर तुम्हाला काय शिकायला आवडेल? ही चौथी यादी अजून कोणी केलेली नाही. ती आपण येथूनच सुरू करू.